शोभेची कोंबडी आणि ‘शुद्ध वाणा’ची कल्पना

१

इतिहासाच्या अभ्यासकाने कोंबड्यांच्या प्रदर्शनांकडे लक्ष द्यावे, ही सूचना प्रथमदर्शनी थट्टेची वाटण्याचा संभव आहे. तह, क्रांत्या आणि महसूलपद्धती यांच्या पंक्तीला खुराड्यास नेऊन बसविणे पुष्कळांस रुचणार नाही. तथापि एखाद्या कल्पनेचा इतिहास शोधावयाचा असेल, तर ती कल्पना जेथे आपले खरे रूप झाकून ठेवण्याची खबरदारी घेत नाही, अशा ठिकाणी तिचा माग काढणे श्रेयस्कर ठरते. ‘शुद्ध वंश’ ही कल्पना मनुष्यसमाजाच्या संदर्भात सदैव धर्माची, परंपरेची किंवा शास्त्राची वस्त्रे पांघरून वावरते. एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडात व अमेरिकेत शोभेच्या कोंबड्या पाळणाऱ्या हौशी मंडळींमध्ये मात्र ती जवळजवळ उघडी सापडते. शुद्ध वाण कोणी ठरविला, कोणत्या वर्षी ठरविला, त्यासाठी किती गुण राखून ठेवले आणि तो टिकविण्यासाठी कोणती गुप्त युक्ती योजावी लागली, हे सर्व तेथे लिहून ठेवलेले आहे.

आपल्या भाषेत कोंबडीच्या वाणालाही ‘जात’ म्हणतात आणि माणसाच्या जन्मसिद्ध गटालाही ‘जात’च म्हणतात. या योगायोगावर फार मोठी इमारत रचण्याचा प्रस्तुत लेखकाचा इरादा नाही. परंतु ‘अस्सल जात’ हा शब्दप्रयोग उच्चारताना आपण नक्की काय गृहीत धरतो, हे तपासण्यास पुढील हकीकत उपयोगी पडेल, असे वाटते.

२

अठराव्या शतकाच्या अखेरपर्यंत इंग्लंडात कोंबड्याचे कौतुक मुख्यतः झुंजीच्या आखाड्यात होत असे. झुंजीच्या कोंबड्याचा वंश जपला जाई, परंतु त्याची परीक्षा पिसांवरून होत नसे. जो टिकला तो चांगल्या रक्ताचा, इतका तो हिशेब सरळ होता. १८३५ साली पार्लमेंटने प्राण्यांवरील क्रौर्यास प्रतिबंध करणारा कायदा संमत केला व त्याने अशा झुंजींसाठी जागा चालविणे गुन्हा ठरविले. १८४९ च्या कायद्याने हा निर्बंध अधिक आवळला. चोरून झुंजी चालूच राहिल्या. परंतु प्रतिष्ठित गृहस्थाने आपला कोंबडा चारचौघांत मिरवावयाचा तर त्यासाठी दुसरे व्यासपीठ हवे होते. ते प्रदर्शनाने दिले.

अर्थात प्रदर्शन ही केवळ वरच्या वर्गाची निर्मिती होती, असे मानणे चुकीचे होईल. लँकेशायर व यॉर्कशायर परगण्यांतील विणकर व कामगार त्याच्या कितीतरी आधीपासून आपापल्या गावच्या मद्यगृहांत कोंबड्यांच्या स्पर्धा भरवीत असत. लँकेशायरच्या ‘मूनी’ कोंबडीच्या पिसांच्या टोकांशी काळे गोल ठिपके असत, आणि ते किती मोठे व किती स्पष्ट आहेत, यावर निकाल अवलंबून असे. यॉर्कशायरमध्ये तिच्या जवळच्या नात्यातील कोंबडीला ‘फेझंट’ म्हणत. या स्पर्धांचे नियम तोंडी होते. ते गावापुरते होते, पण काटेकोर होते.

१४ जून १८४५ रोजी लंडनच्या रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहोद्यानात कोंबड्यांचे पहिले मोठे सार्वजनिक प्रदर्शन भरले. त्यानंतर थोड्याच वर्षांत बर्मिंगहॅम हे या हौसेचे केंद्र बनले. १८५० साली तेथे उभारलेल्या बिंगली हॉलमध्ये गुरे आणि कोंबड्या यांची प्रदर्शने भरू लागली. हे एवढ्या वेगाने कसे घडले, याचे उत्तर खुराड्यात शोधून मिळत नाही. ते आगगाडीत आहे. टोपलीत घातलेला कोंबडा एका रात्रीत शेकडो मैलांवरील परीक्षकापुढे उभा करता येऊ लागला. १८४० पासून एका पेनीत पत्र कोठेही जाऊ लागले. बागकामाच्या व शेतीच्या साप्ताहिकांनी कोंबड्यांसाठी स्वतंत्र स्तंभ उघडले. ज्यांनी एकमेकांस कधी पाहिले नव्हते, असे हौशी लोक एकाच पिसाविषयी वाद घालू लागले.

या एकत्रीकरणाची किंमत प्रथम विणकरांच्या कोंबड्यांनी मोजली. ‘मूनी’, ‘फेझंट’ आणि त्यांसारखी इतर स्थानिक नावे बर्मिंगहॅमच्या यादीत एकाच ‘हँबर्ग’ या सदरात कोंबली गेली. जर्मन बंदराचे नाव त्या यॉर्कशायरी व लँकेशायरी पक्ष्यांना कायमचे चिकटले. ज्यांनी ती कोंबडी पिढ्यान्‌पिढ्या घडविली, त्यांच्या बोलीतील नावे हळूहळू केवळ टीपांपुरती उरली. प्रदर्शनाच्या यादीत स्थान मिळणे ही एक प्रकारची सनद होती, आणि सनद देणारा नावही आपल्या पसंतीचे देतो.

३

१८४२ च्या नानकिंगच्या तहानंतर चीनची बंदरे ब्रिटिश व्यापाऱ्यांना खुली झाली आणि तेथून निघालेल्या जहाजांतून अवाढव्य आकाराच्या, दाट पिसाऱ्याच्या, शांत स्वभावाच्या कोंबड्या पश्चिमेकडे येऊ लागल्या. त्यापूर्वीच, १८४३ च्या सुमारास, राणी व्हिक्टोरिया हिच्याकडे ‘कोचीन-चायना’ या नावाने काही पक्षी आले होते व विंडसर येथे त्यांच्यासाठी खास कुक्कुटगृह बांधण्यात आले होते. कोचीन-चायना म्हणजे आजच्या व्हिएतनामचा दक्षिण भाग. मराठी वाचकाने त्याचा केरळातील कोचीनशी संबंध जोडू नये. राणीचे ते उंच पायांचे पक्षी आणि नंतर शांघायहून आलेले पायांवर पिसे असलेले पक्षी एकमेकांहून भिन्न होते. तरीही पहिल्यांचे नाव दुसऱ्यांना मिळाले. आज ज्याला कोचीन म्हणतात तो वाण शांघायच्या परिसरातून आला. नाव मात्र दुसऱ्या देशाचे, दुसऱ्या पक्ष्याचे आणि राजवाड्याच्या वलयामुळे टिकलेले आहे.

या पक्ष्यांनी जो उन्माद उसळविला, त्याला इंग्रजीत ‘कोंबडीज्वर’ अशा अर्थाचे नाव पडले. एकेका कोंबड्यास शंभर गिनी मोजल्या गेल्याचे त्या काळच्या लेखनात नमूद आहे. नोव्हेंबर १८४९ मध्ये बोस्टन येथे अमेरिकेतील पहिले मोठे प्रदर्शन भरले व ते पाहण्यास हजारो लोक लोटले. फेब्रुवारी १८५४ मध्ये सुप्रसिद्ध तमाशेवाला पी. टी. बार्नम याने न्यूयॉर्क येथील आपल्या संग्रहालयात राष्ट्रीय कुक्कुटप्रदर्शन भरविले. ज्या जागी लोक चमत्कार पाहण्यास तिकीट काढून येत, तेथेच कोंबडी मांडली गेली, ही गोष्ट त्या काळच्या मनोवृत्तीची निदर्शक आहे.

या ज्वराचा सर्वांत हुशार वैद्य आणि सर्वांत मोठा प्रसारक एकच होता. त्याचे नाव जॉर्ज बर्नहॅम. या बोस्टननजीकच्या व्यापाऱ्याने १८५२ साली राणी व्हिक्टोरियाला ‘करड्या शांघाय’ कोंबड्यांची भेट पाठविली. राणीकडून स्वीकृती येताच त्याच्या मालाची किंमत आपोआप चढली. १८५५ मध्ये बाजार कोसळल्यावर याच गृहस्थाने ‘कोंबडीज्वराचा इतिहास’ नावाचे विनोदी पुस्तक लिहून आपण लोकांस कसे बनविले, याचे खुसखुशीत वर्णन केले.

बर्नहॅमने भेट म्हणून पाठविलेल्या त्या करड्या कोंबड्या पुढे ज्या नावाने प्रसिद्ध झाल्या, ते भारतीय वाचकास विशेष कुतूहलाचे वाटेल. प्रथम त्यांना कोणी ‘चितगाव’ म्हणे, कोणी ‘करडी शांघाय’. अखेर ‘ब्रह्मपुत्रा’ हे नाव रूढ झाले आणि त्याचे ‘ब्रह्मा’ असे संक्षिप्त रूप सर्वमान्य झाले. भारतातील एका बंदराहून आलेल्या जहाजावरील खलाशाने त्या आणल्या, अशी हकीकत प्रचलित होती आणि ल्युइस राइट यांच्यासारख्या मान्यवर लेखकाने या वाणाच्या भारतीय उगमाचा पक्ष हिरिरीने मांडला. याउलट विल्यम टेगेटमायर यांनी १८६७ च्या आपल्या कुक्कुटग्रंथात असे प्रतिपादन केले, की ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातून हे पक्षी आल्याचा विश्वसनीय पुरावा नाही. ते शांघायच्याच पक्ष्यांपासून अमेरिकेत सिद्ध झाले असावेत. नदीचे नाव हे विक्रीच्या जाहिरातीतून आले, असे मानण्याकडे पुढील अभ्यासकांचा कल आहे. एका पवित्र भारतीय नदीने ज्या कोंबडीला जन्म दिला नाही, तिला नाव मात्र दिले. आणि नाव मिळाल्यावर तिला प्राचीन वंशही मिळाला.

४

ज्वर ओसरल्यावर खरी हौशी मंडळी मागे उरली आणि त्यांच्यापुढे एक प्रश्न उभा राहिला. परीक्षक परीक्षकागणिक निकाल बदलतो, तर उत्तम कोंबडी कोणती हे कसे ठरवावयाचे? १८६५ साली इंग्लंडात प्रदर्शनीय कोंबड्यांचा पहिला ‘उत्कृष्टतेचा मानदंड’ टेगेटमायर यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध झाला. अमेरिकेत १८७३ मध्ये बफेलो येथे कुक्कुटसंघ स्थापन होऊन १८७४ मध्ये त्याचा मानदंड निघाला. तुरा कसा असावा, पायाचा रंग कोणता, पिसाची कड किती रुंद, प्रत्येक अंगाला शंभरांपैकी किती गुण आणि कोणता दोष आढळल्यास पक्षी सरसकट बाद, हे सर्व त्यात निश्चित करण्यात आले.

या घटनेचे महत्त्व पुरतेपणी ध्यानात घेतले पाहिजे. मानदंड निघण्यापूर्वी ‘शुद्ध’ हा शब्द भूतकाळाकडे बोट दाखवीत असे. या पक्ष्याचे पूर्वज कोण, हा त्याचा प्रश्न होता. मानदंड निघाल्यावर तो भविष्यकाळाकडे बोट दाखवू लागला. कारण छापील वर्णनास तंतोतंत उतरणारा पक्षी बहुधा कोणाच्याच खुराड्यात नव्हता. तो घडवावयाचा होता. तरीही भाषा पूर्वीचीच राहिली. जे उद्या साधावयाचे, ते कालपासून चालत आले आहे, असेच सर्वजण बोलत राहिले.

ही विसंगती किती दूरवर जाई, याचे उत्तम उदाहरण ‘बार्ड प्लिमथ रॉक’ या अमेरिकन वाणाचे आहे. त्याच्या पिसांवर काळे-पांढरे आडवे पट्टे असतात. नर आणि मादी दोघांचे पट्टे सारख्याच गडदपणाचे असावेत, अशी प्रदर्शनाची अपेक्षा होती. निसर्गाला ती मान्य नव्हती. पट्ट्यांचे जनुक लिंगनिश्चिती करणाऱ्या गुणसूत्रावर असते. कोंबड्याजवळ अशी दोन गुणसूत्रे, तर कोंबडीजवळ एकच. म्हणून कोंबड्यात त्या जनुकाचा परिणाम दुप्पट होऊन तो स्वभावतःच फिकट दिसतो. हे कारण विसाव्या शतकाच्या आरंभी उलगडले. परंतु पालकांनी त्यापूर्वीच त्यावर तोड काढली होती. एक वंश केवळ प्रदर्शनीय कोंबडे मिळविण्यासाठी, तर दुसरा केवळ प्रदर्शनीय तलंगा मिळविण्यासाठी, असे दोन वंश ते वेगळे राखू लागले. पहिल्या वंशाच्या माद्या आणि दुसऱ्या वंशाचे नर कधी पिंजऱ्यात मांडले जात नसत. अर्थ असा, की बक्षीस मिळविणारे ‘एकाच शुद्ध वाणाचे’ नर आणि मादी परस्परांशी कधीच जोडले जात नसत. तसे जोडले असते तर त्यांची संतती त्यांच्यासारखी निपजली नसती. आपल्यासारखी संतती देणे हीच जर शुद्धतेची व्याख्या असेल, तर पदकविजेती जोडी त्या व्याख्येत बसत नव्हती.

सेब्राइट बँटमची कथा याहून उद्‌बोधक आहे. सर जॉन सेब्राइट या उमरावाने एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी निरनिराळ्या कोंबड्यांच्या संकरातून, चिकाटीने निवड करीत, सोनेरी अथवा रुपेरी पिसांना काळी रेखीव कड असलेली ही चिमुकली कोंबडी सिद्ध केली. या वाणाचे वैशिष्ट्य असे, की कोंबड्याचा पिसारा कोंबडीसारखाच असतो. त्याला शेपटीची बाकदार लांब पिसे येत नाहीत. हा वाण संकरजन्य असल्याचे सर्वांस माहीत होते. तरीही काही दशकांत त्याच्या ‘शुद्धते’साठी वाद होऊ लागले. अनुभवी परीक्षक ह्युइट यांनी नोंदविले, की मानदंडास अगदी तंतोतंत उतरणारे नर बहुधा वांझ निघतात. डार्विनने हे निरीक्षण आवर्जून उद्धृत केले आहे. १९१९ साली टी. एच. मॉर्गन यांनी दाखविले, की सेब्राइट कोंबड्याचे वृषण काढले असता त्याला नराचा पूर्ण पिसारा फुटतो. पुढील संशोधनाने त्याचे कारण स्पष्ट केले. या वाणाच्या त्वचेत नरसंप्रेरकाचे स्त्रीसंप्रेरकात रूपांतर करणारे द्रव्य अवाजवी प्रमाणात निर्माण होते. ज्या लक्षणाला सर्वांत अधिक मान, ते या दृष्टीने शरीरव्यापारातील एक बिघाड होते.

५

हौशी पालकांना आपल्या कामाचा अर्थ एकसारखा लागला नव्हता. १८४८ मध्ये शोभेच्या व घरगुती कोंबड्यांवर ग्रंथ लिहिणारे पाद्री एडमंड सॉल डिक्सन यांचे मत असे, की कोंबड्यांचे प्रमुख वाण मुळातच वेगवेगळे निर्माण झाले आहेत. माणसाने त्यांना घडविलेले नाही. या मताला अनुभवाचा आधार दिसत असे, कारण मानदंडाप्रमाणे राखलेला वाण पिढ्यान्‌पिढ्या सारखाच निपजताना दिसतो. मधल्या काळात किती पिल्ले बाजूला काढली गेली, हे प्रदर्शनाच्या पिंजऱ्यात दिसत नाही.

चार्ल्स डार्विन याने नेमके तेच पाहिले. १८५५ पासून टेगेटमायर त्याला पक्षी, सांगाडे आणि माहिती पुरवीत होते. जानेवारी १८५६ मध्ये डार्विनने मद्रासमधील सर वॉल्टर एलियट यांना पत्र लिहून तेथील पाळीव कबुतरांची व कोंबड्यांची कातडी मागविली. याच एलियट यांनी पूर्वी दक्षिण मराठा प्रांतात अधिकारी असताना तेथील सस्तन प्राण्यांची यादी १८३९ साली प्रसिद्ध केली होती. कलकत्त्याहून एडवर्ड ब्लाइथ रानकोंबड्यांविषयी लिहीत होते. पाळीव कोंबडी भारतात किती प्राचीन, याच्या पुराव्यासाठी डार्विनने विल्यम जोन्स यांच्या भाषांतराद्वारे मनुस्मृतीचाही आधार घेतला. तेथे ग्रामकुक्कुट निषिद्ध मानला असून रानातील पक्षी त्याहून वेगळा गणला आहे. त्या काळी मनुस्मृतीला जी अतिप्राचीनता दिली जाई, ती आज मान्य नाही. परंतु गावची कोंबडी आणि रानची कोंबडी यांतील भेद आपल्या धर्मशास्त्रकारांच्या नजरेत होता, एवढे निश्चित.

डार्विनने स्वतः संकराचे प्रयोगही केले. काळा स्पॅनिश कोंबडा आणि पांढरी, रेशमासारख्या पिसांची ‘सिल्की’ कोंबडी यांच्या संततीत एक कोंबडा मोठेपणी रानातल्या तांबड्या कोंबड्यासारखा रंगून निघाला. आईबापांपैकी कोणाच्याही अंगावर नसलेला रंग पूर्वजांच्या घरातून परत आला. १८६८ च्या ग्रंथात डार्विनने निष्कर्ष काढला, की सर्व पाळीव कोंबड्या तांबड्या रानकोंबड्यापासून झाल्या. सह्याद्रीत व दक्षिण भारतात आढळणारा करडा रानकोंबडा त्याने पूर्वजांच्या यादीतून वगळला, कारण त्याचा पाळीव कोंबडीशी झालेला संकर बहुधा सुफल होत नसे.

या निष्कर्षाला २००८ साली एक मार्मिक पुरवणी जोडली गेली. कोंबडीच्या पिवळ्या त्वचेस व पिवळ्या पायांस कारणीभूत असलेला जनुकाचा प्रकार तांबड्या रानकोंबड्यापासून आलेला नसून बहुधा करड्या रानकोंबड्यापासून आलेला आहे, असे त्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले. या प्रकारामुळे अन्नातील पिवळे रंगद्रव्य त्वचेत विघटित न होता साचून राहते. मुख्य वंश तांबड्या रानकोंबड्याचाच, हे डार्विनचे मत कायम राहिले. परंतु एखाद्या काळी, दक्षिण आशियात कोठेतरी, करड्या रानकोंबड्याचे रक्त गावच्या कोंबडीत मिसळले. ब्रह्मा वाणाचे पाय पिवळे असलेच पाहिजेत, असा मानदंडाचा दंडक आहे. म्हणजे शुद्धतेची खूण म्हणून ज्या लक्षणावर परीक्षक बोट ठेवतो, ते लक्षणच एका प्राचीन संकराचे चिन्ह ठरते. ब्रह्मपुत्रेशी या कोंबडीचे नाते सिद्ध झाले नाही. आमच्या डोंगरांतल्या रानकोंबड्याशी असलेले दूरचे नाते मात्र तिच्या पायांवर लिहिलेले आहे.

६

भारतातही कोंबड्याच्या वंशाची जपणूक पूर्वापार होत आली आहे. झुंजीचा ‘असील’ कोंबडा आपल्या नावातच ‘अस्सल, मूळ वंशाचा’ हा अरबी अर्थ वागवितो. मात्र त्याचे अस्सलपण पिसाच्या कडेवर अवलंबून नव्हते. ते धन्याच्या स्मरणात आणि आखाड्यातल्या निकालात होते. १९६० च्या कायद्याने अशा झुंजी भारतातही निषिद्ध झाल्या, आणि ते योग्यच झाले. याच असीलाचे रक्त इंग्लंडातील कॉर्नवॉल परगण्यात मलाय व इंग्रजी झुंजीच्या कोंबड्यांत मिसळून ‘इंडियन गेम’ हा वाण तयार झाला. अमेरिकेत त्याला ‘कॉर्निश’ म्हणतात आणि आजच्या मांसल कोंबडीच्या पूर्वजांत त्याची गणना होते. एका किनाऱ्यावर तो भारतीय ठरतो, दुसऱ्यावर इंग्रजी. पक्षी तोच.

या विवेचनावरून हौशी पालकांचा सारा उद्योग लटका होता, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. मेंडेलचे नियम प्राण्यांनाही लागू आहेत, हे विल्यम बेटसन यांनी १९०२ मध्ये दाखविले, ते कोंबड्यांच्याच तुऱ्यांवरून. आणि तसे तुरे स्वच्छ वेगळे राखले होते ते हौशी लोकांनी. विसाव्या शतकात अंडी व मांस यांचा व्यवसाय मोजक्या वंशांवर केंद्रित झाला, तेव्हा अनेक जुने वाण टिकले तेही याच लोकांच्या अंगणात. त्यांचे चुकले ते एवढेच, की आपण एक करार जपत आहोत हे विसरून त्यांनी त्याला जन्मसिद्ध सत्याचे नाव दिले.

करार जपण्यात काही गैर नाही. त्याची तारीख, त्यावर सह्या करणारे आणि त्याची किंमत मोजणारे ठाऊक असले म्हणजे तो सुधारताही येतो, मोडताही येतो. तारीख पुसून टाकली की तोच करार निसर्गनियम होऊन बसतो, आणि मग ज्यांना त्यात स्थान मिळाले नाही त्यांच्या बाजूने बोलण्यास जागा उरत नाही. लँकेशायरच्या विणकरांची ‘मूनी’ कोंबडी या नियमाखाली आपले नाव गमावून बसली. कोंबडीचे नुकसान त्यामुळे फारसे झाले नसेल. परंतु ज्या समाजात ‘जात’ हा शब्द केवळ पक्ष्यांपुरता वापरला जात नाही, त्या समाजातील इतिहासाभ्यासकाने शुद्धतेचा प्रत्येक दावा समोर येताच प्रथम त्याची तारीख विचारावी, एवढा धडा या खुराड्यातून खचित घेता येतो.